दोनशे आठ विरुद्ध तीन

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी इस्पितळाच्या कँटीनमधल्या फळ्यावर शेवटचा आकडा लिहिला गेला आणि कामगार मंडळाची निवडणूक संपली. किटली पॅनेलला पाच जागा, छत्री पॅनेलला दोन. पाळणाघर बंद होणार हे त्याच वेळी ठरल्यात जमा झालं. कँटीनमध्ये जमलेल्या बायकांपैकी निम्म्या जणी मात्र अजून टाळ्या वाजवत होत्या.

त्यांचंही काही चुकत नव्हतं. थोड्या वेळापूर्वी धुलाई विभागाचा निकाल लागला होता: छत्री दोनशे आठ, किटली तीन. असा एकतर्फी निकाल इस्पितळात आजवर कुणी पाहिला नव्हता. धुलाईतली सगळ्यांत जुनी घडीवाली, जिला सगळे अक्का म्हणत, तिने चक्क बाकावर चढून शिट्टी मारली होती. त्यापाठोपाठ सफाई विभागही छत्रीला दुपटीने गेला. मग बाकीचे पाच विभाग आले आणि पाचही चार-पाच-सात अशा किरकोळ मतांनी किटलीकडे गेले. कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. एवढ्या मोठ्या आघाडीपुढे चार-पाच मतं म्हणजे काय!

पिळ्या टाळ्या वाजवत नव्हता. पिळ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. धुलाईतल्या बायकांच्या राज्यात तो जवळजवळ एकटा पुरुष, आणि ओल्या चादरी पिळायचं अजस्र यंत्र चालवणारा, म्हणून पिळ्या. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेल्या दोन ओळी तो पुन्हा पुन्हा वाचत होता. एकूण मतं: छत्री चारशे छत्तीस, किटली दोनशे दोन. त्याखाली, एकूण जागा: छत्री दोन, किटली पाच.

"साहेब, उलटं लिहिलंय," अक्का बाकावरून उतरत म्हणाली. "आम्हाला चारशे, त्यांना दोनशे. पाच आमचे."

निवडणूक अधिकारी म्हणून बोलावलेले निवृत्त मुख्य लिपिक हातावरची खडूची धूळ झटकत होते. "उलटं नाही, बाई. एका विभागाची एक जागा. तुम्ही दोन विभाग जिंकलात, त्यांनी पाच."

"पण आमच्या एका विभागात दोनशे बायका आहेत! त्या ड्रायव्हर लोकांची डोकी मोजून चाळीस माणसं नाहीत."

"एकोणचाळीस. त्यांचीही एक जागा."

"मग दुपारपासून मतं कशाला मोजत बसलात? नुसते दरवाजे मोजायचे होते, आम्ही लवकर घरी तरी गेलो असतो."

कँटीनभर हसू पसरलं, किटलीवालेही हसले. मुख्य लिपिकही हसले, आणि त्यांनी फळा पुसायला घेतला.

पिळ्या तिथून निघाला आणि कँटीनच्या शेजारच्याच दारातून पाळणाघरात शिरला. ही खोली धुलाईच्या बॉयलरला पाठ लावून होती, त्यामुळे थंडीतही तिची एक भिंत कोमट असे. त्या भिंतीशी गाद्या घातलेल्या. एका गादीवर त्याची मुलगी पालथी पडून एका पायातला मोजा काढायच्या खटपटीत होती. तिला अजून तीन वर्षं पूर्ण व्हायची होती. गालांमुळे तिचं नाव ढब्बू पडलं होतं.

"काय झालं?" पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशींनी विचारलं.

"जिंकलो आणि हरलो."

"म्हणजे?"

"तेच विचारून आलोय सगळे."

किटलीवाल्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे पिळ्यालाही मान्य होतं. कँटीन अपुरं होतं. जेवणाच्या सुट्टीत माणसं जिन्यावर बसून, भिंतीला टेकून, उभ्याउभ्या डबे खात. कँटीन वाढवायचं तर पाडता येण्यासारखी भिंत एकच होती, पाळणाघराची. म्हणून ज्यांना बसून जेवायचं होतं ते किटली, आणि ज्यांना पोरं ठेवायची होती ते छत्री. यात कुणी दुष्ट नव्हतं. छत्रीवाले दुपटीहून जास्त होते, एवढंच.

पिळ्याचं मात्र यात सगळंच पणाला लागलं होतं. त्याची बायको दूरच्या देशात एका वृद्धाश्रमात परिचारिका होती. तिच्या कराराचं दीड वर्ष अजून बाकी होतं. ती निघाली तेव्हा दोघांनी बसून ठरवलं होतं, तिसरं कुणी मध्ये नव्हतं: पाळणाघर आहे तोवर ढब्बू बापापाशी. ते नसेल तर ढब्बू आजीकडे. आजीचं गाव बसने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. पिळ्याला आठवड्याची एक सुट्टी. म्हणजे पोरगी डोळ्यांना दिसायची ती वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. धुलाईची पाळी पहाटे सहाला सुरू होते. त्या वेळी दोन-अडीच वर्षांचं पोर कुणाच्या पदरात टाकणार? आणि सासूबाई वाईट नव्हत्या, हीच खरी अडचण होती. अंगण होतं, मांजरी होत्या, नातीवर जीव होता. नाही म्हणायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुलाईत वेगळाच विषय पेटला होता. ते तिघं कोण?

"दोनशे अकरांतली तीन मतं फुटली," एक इस्त्रीवाली चादर ओढता ओढता म्हणत होती. धुलाईत चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची पद्धत. दोन टोकांना दोघी, पुढे येऊन हातात हात देतात आणि मागे जातात. त्यामुळे बोलणं कधी थांबत नसे. "मला तर माहीत आहे एक कोण."

"नाव घे की मग."

"घेत नाही. पण जिची सून कँटीनला लागलीय ती."

"ए बाई! माझी सून कँटीनला आहे म्हणून मी किटलीला मत देईन? माझं तिच्याशी बोलणंही नाही!"

"म्हणूनच म्हणते, समेट झाला असेल."

हशा झाला, पण जिला बोललं गेलं तिने हातातलं टोक सोडलं आणि चादर ओल्या फरशीवर पडली. परत धुवायला टाकावी लागली. एका बदली बाईला तर रडू कोसळलं, कारण सगळ्या मधूनच तिच्याकडे बघत होत्या.

"सोडा ते तिघं," पिळ्या यंत्राचं झाकण लावत म्हणाला. "ते तिघं आपलेच असते तरी दोनशे अकरा विरुद्ध शून्य. जागा तीच एक."

"असं कसं?" अक्का म्हणाली. "जोर दिसायला नको?"

"जोर दिसला की. काल सगळ्यांनी पाहिला."

अक्काने पुढची चादर उचलली. मतदानाच्या दिवशीचा जोर तिनेच उभा केला होता. पाळी सुरू होण्याआधी धुलाईच्या सगळ्या बायका कडक इस्त्रीचे कोट घालून दोन-दोनच्या रांगेत मतपेटीकडे गेल्या होत्या. जिचा पाय प्लास्टरमध्ये होता तिला चादरींच्या ढकलगाडीत बसवून नेलं होतं. एक जण आजारी रजेवर होती, तिला घरून आणलं होतं. ती मत टाकून तिथेच खुर्चीवर झोपली होती. यापूर्वीच्या निवडणुकांत पॅनेल वगैरे भानगड नसे. प्रत्येक विभाग आपला माणूस पाठवी आणि विषय संपे. त्यामुळे कुठे जास्त मतं लागतात आणि कुठे वाया जातात, हा विचारच कधी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. जितकी जास्त तितकं चांगलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीत पिळ्या मुख्य लिपिकांना गाठायला गेला. ते हिशेब बंद करून निघायच्या तयारीत होते.

"साहेब, यावर काही अर्ज-बिर्ज?"

"कशाबद्दल करणार? मोजणी बरोबर आहे. मीच दोनदा केली."

"नियमाबद्दल."

मुख्य लिपिक खाली बसले. "हा नियम केला तेव्हा मी नवीन होतो. प्रत्येक विभागात तीस-पस्तीस माणसं असायची, कमी-जास्त कुणी नाही. धुलाई तेव्हा मागच्या शेडमध्ये, हातानेच चालायची. मग खाटा वाढल्या, चादरी वाढल्या, तुम्ही वाढलात. नियम होता तेवढाच राहिला. कुणाला तो कधी टोचला नाही, म्हणून कुणी हात लावला नाही."

"आता टोचतोय. बदलता येतो?"

"येतो ना. मंडळातल्या सातपैकी पाच जणांनी हात वर केले की बदलला."

"पाच म्हणजे..."

"हो, तेच पाच." लिपिकांनी चष्मा खिशात ठेवला. "मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण मला वाटून काय होतं?"

तिथून पिळ्या गाड्यांच्या शेडकडे वळला. ड्रायव्हर विभागातून निवडून आलेला माणूस रुग्णवाहिकेच्या बॉनेटवर डबा ठेवून जेवत होता. त्याला सगळे स्टिअरिंग म्हणत, कारण बोलताना त्याचे दोन्ही हात कायम हवेत वळत असत.

"ये रे पिळ्या. बघ, टेबल कसं आहे आमचं. पोळत नाही तोवर जेवून घ्यायचं."

"स्टिअरिंग, एक विनंती आहे. पाळणाघराच्या ठरावावर तू तटस्थ राहा. बाकी काही नको."

"राहिलो असतो रे, तुझी शपथ. पण मी एकटा तटस्थ राहून ते चार उरतातच. ठराव होणारच, आणि वर माझी माणसं मला शेडमध्ये उभं करणार नाहीत." त्याने घास घेतला. "आणि माझ्याकडे असा बघू नकोस. मला तूच निवडून दिलंस."

"मी?"

"मग कोण? पाच मतांनी आलोय मी. तुमच्या त्या बदलीवाल्या बायका महिन्यातून आठवडाभर आमच्याकडे गाड्या धुवायला येतात की नाही? त्यांना कुठल्याही एका विभागात नाव घालायची मुभा आहे. सहा जणींनी आमच्यात नाव घातलं असतं, तर काल संध्याकाळी मी तोंड पाडून घरी गेलो असतो. मला तीच धास्ती होती. नावनोंदणीचा अख्खा महिना मी वाट बघत होतो, हा पिळ्या आज येतो की उद्या येतो. तू आलाच नाहीस. मला वाटलं, तुझ्या डोक्यात काहीतरी मोठं चाललंय."

पिळ्याच्या डोक्यात मोठं काहीच नव्हतं. बदली कामगार म्हणजे ज्या विभागात माणूस कमी पडेल तिथे पाठवायच्या बायका. आज गाड्या, उद्या भांडार, परवा धुलाई. त्यांना कुठेच स्वतःचं असं कपाट नव्हतं. पिशव्या कुठे ठेवायच्या इथून त्यांची सुरुवात. पिळ्यानेच एका रविवारी धुलाईच्या भिंतीवर लाकडी पट्टी ठोकली होती आणि त्यांच्यासाठी चौतीस खुंट्या बसवल्या होत्या. नावनोंदणी आली तेव्हा त्या त्याला विचारायला आल्या, दादा, आम्ही कुठे नाव घालू? त्याने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "कुठे म्हणजे? आपल्यात या." त्या सगळ्या आल्या, आणि किती खुशीत आल्या! त्यांना कुणी आपल्यात या असं म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती.

शेडमधून परत येताना तो भांडाराच्या दारापाशी थांबला. भांडारात छत्री चार मतांनी हरली होती. म्हणजे तिथे पाच जणी हव्या होत्या आणि गाड्यांकडे सहा. चौतीसांतल्या अकरा जणी दोन दारांत विभागल्या असत्या, की सातपैकी चार जागा छत्रीच्या. धुलाईला त्यांचा पत्ताही लागला नसता. दोनशे आठच्या जागी एकशे सत्त्याण्णव. तेवढ्यातही अक्काने शिट्टी मारलीच असती.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? पुढची निवडणूक तीन वर्षांनी. तेव्हा ढब्बू शाळेत जात असेल, कुठल्या गावच्या ते पुढचं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा दुपार असे आणि मागे कुणीतरी म्हातारं माणूस सतत कुणालातरी हाक मारत असे.

"लागला निकाल?"

"लागला. आपल्याला दुपटीहून जास्त मतं पडली."

"अरे वा! मग इतका बारीक आवाज का?"

"हरलो."

"थट्टा नको करूस हं. माझी सुट्टी दहाच मिनिटांची आहे."

त्याने समजावून सांगितलं. सात विभाग, सात जागा, कुठे किती मतांनी काय झालं. बदली बायकांचं सांगितलं नाही. ती मध्येमध्ये "पण" म्हणत होती, आणि प्रत्येक "पण"ला उत्तर होतं, म्हणून शेवटी तिने "पण" म्हणणं थांबवलं.

"म्हणजे चारशे माणसांना पाळणाघर हवंय आणि ते बंद होणार."

"हो."

"आणि हे बरोबर आहे असं सगळे म्हणतात?"

"बरोबर आहे असं कुणीच म्हणत नाही. नियम आहे म्हणतात."

पलीकडे म्हातारं माणूस हाक मारत राहिलं. मग ती म्हणाली, "आईला कळवू ना मग? तिला तिकडून निघायला दोन दिवस लागतील. तू म्हणालास तर नाही कळवत."

आपण काही म्हणावं म्हणून ती थांबली आहे हे पिळ्याला कळत होतं. तो ढब्बूकडे बघत राहिला. ती ताटातले वाटाणे एकेक करून पाण्याच्या पेल्यात टाकत होती.

"कळव," तो म्हणाला.

नव्या मंडळाची पहिली बैठक बुधवारी दुपारी नोंदणी कार्यालयाच्या मागच्या खोलीत भरली. बाहेरच्या बोळात उभं राहायला हरकत नव्हती, म्हणून धुलाईच्या पंधरा-वीस जणी आणि पिळ्या तिथे उभे होते. धुलाईची सभासद म्हणून अक्का आत होती. तिने बरोबर एक निवेदन नेलं होतं, पाळणाघर राहू द्या म्हणून, आणि त्याखाली साडेचारशेवर सह्या होत्या. मत न देणाऱ्यांनीही सह्या केल्या होत्या. किटलीला मत दिलेल्या काहींनी केल्या होत्या. त्यांचं म्हणणं, आम्हाला कँटीन मोठं हवं होतं, पोरं उघड्यावर टाकायची नव्हती.

अध्यक्ष स्वयंपाकघराचा मुख्य आचारी होता. मोठा, शांत माणूस. त्याने निवेदन दोन्ही हातांनी घेतलं, पानं उलटून पाहिली आणि बाजूला ठेवलं.

"मंडळाने निवेदनाची नोंद घेतली आहे," तो म्हणाला.

"नोंद घेऊन काय करणार?" अक्काचा आवाज बोळापर्यंत आला.

"नोंद घेतली म्हणजे घेतली, अक्का. इथे मत सभासदांचं. सह्यांना मत नाही."

"सह्या करणाऱ्यांनीच तर सभासद निवडलेत!"

"तुम्हाला निवडलंय. मला माझ्या स्वयंपाकघराने निवडलंय. त्यांनी मला विचारलं, दादा, बसून जेवायला कधी मिळणार, तर मी काय सांगू? धुलाईतल्या बायकांना विचारून सांगतो?"

आत कुणीतरी खाकरलं. मग भांडारातून निवडून आलेल्या काकू बोलल्या. त्यांच्या कमरेला कायम किल्ल्यांचा जुडगा असे, म्हणून त्यांना कुलूपकाकू म्हणत. त्या म्हणाल्या की पाळणाघराला आधी दुसरी जागा बघा, मगच भिंत पाडा. असं झालं तर त्यांना हवं आहे. बोळात एकीने पिळ्याचा दंड धरला.

"दुसरी जागा कुठली?" अध्यक्षाने विचारलं.

"ते मी कसं सांगू? बघा म्हणते."

"आठ महिने बघतोय. नाही."

"मग माझं काही म्हणणं नाही," कुलूपकाकू म्हणाल्या. दंडावरची पकड सुटली.

ठराव मांडायची वेळ आली तेवढ्यात वीज-पाणी दुरुस्ती विभागाच्या सभासदाचा फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा मोठा पाइप फुटला होता आणि व्हॉल्व्हची चावी त्याच्याकडेच होती. तो धावत बोळातून गेला. जाताना बायकांनी भिंतीला चिकटून त्याला वाट करून दिली. पहिल्या बैठकीत सातही सभासद हजर असल्याशिवाय ठराव घेता येत नाही, असंही एक कलम होतं. अध्यक्षाने अर्धा तास वाट पाहिली आणि बैठक तहकूब केली.

"देव पावला," एक इस्त्रीवाली म्हणाली.

"पाइप पावला," अक्का बाहेर येत म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "पिळ्या, मी आत जेवढी बोलले ना, तेवढं आयुष्यात कधी बोलले नाही. आणि ते सगळे मान हलवत होते रे. सगळे! हो अक्का, बरोबर अक्का. असं वाटलं, भिंतीशी बोलले असते तर बरं झालं असतं. ती निदान मान तरी हलवत नाही."

"पाणी पी आधी," पिळ्या म्हणाला.

सासूबाई गुरुवारी दुपारी आल्या. त्यांनी ढब्बूसाठी गुडघ्याला अस्तर लावलेली विजार शिवून आणली होती, कारण अंगणात पोरं गुडघे फोडून घेतात. आल्याबरोबर त्यांनी दोन खोल्यांचं घर झाडून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "जावईबापू, मला घाई नाही. तुमचं ते पाळणाघर आहे म्हणताय तोवर मी थांबते. फक्त तिकडे मांजरींना बघायला शेजारीण किती दिवस येईल, ते मला सांगता येत नाही."

"मलाही सांगता येत नाही, आई," तो म्हणाला. "बैठकीची तारीख लागली की कळेल."

"आणि तारीख लागली की काय होईल?"

"पाच विरुद्ध दोन."

"मग थांबायचं कशासाठी?" सासूबाईंनी विचारलं. विचारण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं.

शुक्रवारी पिळ्याने ढब्बूला नेहमीप्रमाणे पाळणाघरात सोडलं. शनिवारीही सोडलं. मावशींनी दारातच विचारलं, काही कळलं का? तो नाही म्हणाला. शनिवारी दुपारपर्यंत मंडळाच्या फलकावर बैठकीची नवी तारीख लागलेली नव्हती. पाइपचं काम पूर्ण झालं होतं. कँटीनमधल्या लोकांनी पाळणाघराच्या भिंतीचं माप घेऊन तिच्यावर पेन्सिलने एक आडवी रेघ ओढली होती. आतून ती दिसत नव्हती. सासूबाईंनी रविवारच्या सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढली होती, एक पूर्ण आणि एक अर्धं. अर्धं तिकीट रद्द करायची मुदत शनिवारी संध्याकाळी सहाची होती. साडेचारला पिळ्या यंत्रावर होता आणि तिकीट रद्द झालेलं नव्हतं.